कोकणावरची पुस्तकं हाताला का लागत नाहीत : पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये मराठेशाहीतल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आहेत, रायगडही आहे. त्याआधी २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली होती. तेव्हापासून इकडच्या वाचनालयांत एक नवा वाचक यायला लागला आहे. त्याला कादंबरी नको असते. ‘आमच्या गावाबद्दल जुनं काही छापलेलं आहे का?’ एवढंच तो विचारतो. बहुतेक ठिकाणी त्याच्यापुढे इंग्रजी अमदानीतलं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, ठेवतात : रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं किंवा कुलाबा-जंजिऱ्याचं १८८३ चं. ग्रंथ उत्तम आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. पण गोऱ्या साहेबाने महसुलासाठी जमवलेली माहिती हाच कोकणाचा पहिला आणि शेवटचा छापील इतिहास, असा समज त्यातून पक्का होतो. गॅझेटियरच्या आजूबाजूला बरंच छापलं गेलं. ते कुठे गेलं, हा या टिपणाचा विषय.

फार मागचं थोडक्यात. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलेल्या मराठी पुराणाची त्या शतकातली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही, म्हणजे पुस्तक हरवण्याची परंपरा इथे छपाईइतकीच जुनी. पुढे वाचनालयं निघाली : रत्नागिरीचं १८२८ चं, सावंतवाडीचं १८५२ चं, चिपळूणचं १८६४ चं. रत्नागिरीत जगन्मित्र छापखाना चालला. मग १८६७ चा कायदा आला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद करणं बंधनकारक झालं, आणि मुंबई इलाख्यातल्या नव्या पुस्तकांच्या याद्या दर तिमाहीला निघू लागल्या. सरकारचा हेतू पाळत ठेवण्याचा होता. पण त्या यादीत मुद्रक, छपाईचं गाव, पानं, किंमत आणि किती प्रती काढल्या हेही असायचं. त्यामुळे आज जी पुस्तकं कुठेच सापडत नाहीत त्यांचीही जन्मनोंद तिथे मिळते. पुढे एका एकांड्या सूचिकाराने १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी मुद्रित ग्रंथांची सूची केली आणि तिचा पहिला भाग १९४४ मध्ये निघाला. कोकणावरचं काही शोधायचं तर सुरुवात याच दोन ठिकाणी करावी. गूगलवर सुरुवात करणाऱ्याला तीच चार पर्यटन-पुस्तकं पुन्हा पुन्हा भेटतात.

विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात कोकणाने एक प्रकार भरभरून छापला, तो कुलवृत्तांताचा, म्हणजे एकेका घराण्याच्या इतिहासाचा. दुकानात तो क्वचितच यायचा. घराण्यातले दोन-चार निवृत्त लोक पत्रं पाठवून माहिती मागवायचे, वर्गणी काढायचे आणि प्रती वर्गणीदारांना पोचत्या करायचे. मूळपुरुष कोण, कुलदैवत कोणतं, कोणती शाखा कधी घाटावर गेली, हे सगळं त्यात असतं. पण खरी चीज शेवटी, परिशिष्टात असते. तिथे सनदा, वाटणीपत्रं, गावच्या हद्दीचे वाद आणि देवस्थानाच्या मानपानाचे निवाडे जसेच्या तसे छापलेले सापडतात. मूळ कागद केव्हाच वाळवीच्या पोटात गेलेले असतात. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला वंशावळीच्या घडीच्या तक्त्यांपेक्षा ही परिशिष्टं जास्त कामाची.

अर्थात कुलवृत्तांत ज्यांच्याकडे कागद होते त्यांचेच निघाले, म्हणजे मुख्यतः खोत (गावचा सारा वसूल करणारे वतनदार), इनामदार आणि नोकरपेशातली घराणी. खोताची जमीन कसणाऱ्या कुळाचा कुलवृत्तांत निघाला नाही. त्या बाजूचं छापील साहित्य पातळ पुस्तिकांत आहे. दापोलीला राहिलेल्या एका निवृत्त सैनिकाने १८८० च्या दशकाच्या अखेरीस विटाळाविरुद्ध लिहिलेली पुस्तिका घ्या. १९३३ ते १९३९ असा चाललेला अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप, १९३७ मध्ये कायदेमंडळात आलेलं खोतीविरोधी विधेयक आणि शेवटी १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांच्या आगेमागे निघालेलं साहित्यही असंच. जाड पुठ्ठ्याचा कुलवृत्तांत कपाटात टिकला आणि पुस्तिका टिकली नाही, म्हणून कोकणाचा वाचला जाणारा इतिहास अजून बराचसा खोताच्या ओटीवरून दिसणारा आहे.

रेवदंडा-अलिबाग-पेण पट्ट्यातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची मराठी पुस्तकं हा असाच दुर्लक्षित ऐवज. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचा हग्गादा हा धर्मग्रंथ मराठी भाषांतरासह १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. या समाजाने कीर्तनंही रचली आणि छापली. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्राएलला गेली आणि जाताना पुस्तकंही गेली. रायगड जिल्ह्यातल्या किती वाचनालयांच्या सूचीत यातलं एकही नाव आहे, ते पाहण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट इथे बसून शोधणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही. कोकणातल्या गावावरचं पुस्तक कोकणात छापलं जायचंच असं नाही, ते गिरगावात छापलं जायचं. चाकरमान्यांची ग्रामस्थ मंडळं लालबाग-परळ-गिरगावातल्या गावच्या खोल्यांतून, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांतून, चालायची. मंडळाचा रौप्यमहोत्सव, ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची शंभरी, असं काहीही निमित्त झालं की स्मरणिका निघे. अर्धी पानं जाहिरातींची असत. उरलेल्या पानांत कोणी गुरुजी गावातल्या वाड्यांची नावं, शिमग्याच्या पालखीचा मार्ग, बारा-पाचाचे म्हणजे गावच्या मानकऱ्यांचे मान, पहिली एस.टी. गावात कधी आली, असं लिहून जात. ही माहिती दुसरीकडे कुठेही नसते. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, गिरण्या उठल्या, पुढे अनेक गावच्या खोल्या विकल्या गेल्या, आणि मंडळांच्या लोखंडी पेट्यांचं काय झालं याची नोंद कुणीच ठेवली नाही. नमन आणि जाखडी या लोककलांची हाताने लिहिलेली बाडं तर छापलीच गेली नव्हती. ती शाहिरांच्या घरी राहिली, एवढंच त्यांचं नशीब.

आता ज्या निर्णयावरून वाचनालयांच्या वर्तुळात अजून भांडणं होतात त्याकडे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. १९७० च्या नियमांनी मान्यता आणि अनुदानाची चौकट ठरवली. वाचनालयं अ, ब, क, ड वर्गांत बसवली गेली. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, वर्तमानपत्रं-नियतकालिकं, सभासद, उघडं राहण्याचे तास अशा मोजता येण्यासारख्या गोष्टींवर. या चौकटीत जुन्या पुस्तकाचं काय करायचं, म्हणजेच निर्लेखन करायचं की नाही, हा तो वाद.

निर्लेखन म्हणजे फाटकी, कालबाह्य, न वाचली जाणारी पुस्तकं दप्तरातून अधिकृतपणे काढून टाकणं. यादी, ठराव, मंजुरी आणि मग रद्दी, असा त्याचा रस्ता. एका बाजूला वाचनालयं चालवणारी कार्यवाह मंडळी असतात. त्यांचं म्हणणं साधं आहे : जागा नाही, कपाटं नाहीत, आणि एका कपाटाला वाळवी लागली की शेजारची चार जातात. चार महिने पाऊस, भिंतींना ओल, वेखंडाच्या पुरचुंड्या आणि डांबरगोळ्या ठेवून किती दिवस काढणार? दुसऱ्या बाजूला स्थानिक अभ्यासक, बहुधा निवृत्त शिक्षक. त्यांच्या लेखी निर्लेखन म्हणजे कायदेशीर शिक्का मारून केलेला नाश.

माझं झुकतं माप दुसऱ्या बाजूला आहे, पण कारण थोडं वेगळं आहे. यादी करताना निकष लावतात तो ‘जीर्ण’ हा, आणि तो तटस्थ नाही. एकोणिसाव्या शतकातली बरीच पुस्तकं चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर छापलेली आहेत. ती पिवळी पडतात, पण पान उलटता येतं. पुढे लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद आला, आणि दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आल्यावर मिळेल त्यावर छापणं भाग पडलं. १९४० च्या दशकातलं पुस्तक हातात घेतलं की पानाचा कोपरा बोटात राहतो. म्हणजे ‘जीर्ण’ म्हणून आधी जातं ते १८८० चं पुस्तक नव्हे, १९४५ चं. आणि कुलवृत्तांत, खोतीचा वाद, संस्थानांचं विलीनीकरण, मुंबईत गेलेल्या पहिल्या पिढ्यांच्या आठवणी, हे सगळं नेमकं त्याच काळात छापलं गेलं.

मात्र अभ्यासक मंडळी १९६७ च्या कायद्याला सरसकट दोष देतात, ते पटत नाही. वर्ग टिकवायला आकडा लागतो. त्यामुळे कित्येक कार्यवाहांनी निर्लेखनाला हातच लावला नाही. पुस्तकं माळ्यावर गठ्ठे बांधून ठेवली, पण दप्तरी जिवंत ठेवली. २०१२ मध्ये महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली तेव्हा असे गठ्ठे खाली आले, मोजले गेले आणि परत वर गेले. आकड्याच्या हव्यासापोटी स्वस्त, पातळ पुस्तकांची खरेदी झाली हे खरं. त्याच हव्यासाने जुनी पुस्तकं वाचवली हेही तितकंच खरं.

ज्यांना खरा फटका बसला ती पुस्तकं मुळात दप्तरात चढलीच नव्हती. कुठल्याही जुन्या वाचनालयाचं दाखल रजिस्टर उघडावं. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, पानं, किंमत, शेरा असे रकाने असतात. स्मरणिकेला लेखक नाही, किंमत नाही, प्रकाशक म्हणून एखादं मंडळ, पत्ता म्हणून चाळीतली खोली. ‘खाजगी वितरणासाठी’ असा शिक्का असलेल्या कुलवृत्तांताचंही तेच. युनेस्कोने १९६४ मध्ये आकडेवारीसाठी पुस्तकाची जी व्याख्या केली तीही किमान ४९ पानांची. बत्तीस पानी गावमाहिती तिच्यात बसत नाही. मग ती भेट म्हणून टेबलावर येते, चार दिवस राहते आणि वर्तमानपत्रांच्या रद्दीबरोबर जाते. निर्लेखनाचा ठराव तरी पुरावा म्हणून मागे उरतो. न नोंदलेल्या पुस्तिकेचा तेवढाही मागमूस राहत नाही. शेऱ्याचा रकाना मात्र वाचण्यासारखा असतो. ‘गहाळ’, ‘जीर्ण’, ‘बाद’ यांच्या मधून एखाद्या जागी ‘बांधणीस दिले’ असं असतं आणि पुढे परत आल्याची नोंद नसते. बाइंडरकडे राहून गेलेली पुस्तकं हा स्वतंत्र विषय आहे, तो पुन्हा कधी.

१९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. ग्रामस्थ मंडळ स्वतःला प्रकाशक समजतच नव्हतं, तेव्हा तोही दरवाजा बंद.

मग पाण्याने उरलंसुरलं नेलं. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन पुरांत महाड आणि चिपळूण बुडाले, चिपळूणच्या जुन्या वाचनालयाचा ग्रंथसंग्रहही भिजला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरुडपासून दापोलीपर्यंत घरांची छपरं उडाली आणि फडताळातली घरगुती पुस्तकं पावसात गेली. मधल्या काळात, २०१३ मध्ये, चिपळूणला साहित्य संमेलन भरलं होतं. तेव्हाची चर्चा निमंत्रणपत्रिकेवरच्या परशुरामाची आणि ग्रंथदिंडी कुठून काढायची याची झाली. जुन्या संग्रहांची चर्चा तितक्या आवाजात झाल्याचं आठवत नाही.

पुरांनंतर स्कॅनिंगची भाषा सुरू झाली. केंद्राच्या एका जुन्या प्रकल्पात देशभरातल्या ग्रंथालयांतली मराठी पुस्तकं स्कॅन झाली होती. तो प्रकल्प पुढे बंद पडला, तरी त्याच्या फायली इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर फिरत आहेत. शोधताना एक लक्षात ठेवावं : तिथे मराठी नावं रोमनमध्ये कशीही लिहिलेली आहेत. गावाचं, आडनावाचं किंवा मुद्रकाचं नाव तीन-चार स्पेलिंगांनी टाकल्याशिवाय काही हाती लागत नाही. त्या फायलींत ग्रंथसंग्रहालयांतली दाखल पुस्तकं आहेत. स्मरणिका तिथेही नाहीत, कारण दप्तरात नाही ते स्कॅनरखाली जात नाही.

अलीकडे काही हौशी मंडळींनी मोबाइलवर पानं टिपून व्हॉट्सअॅपवर फिरवायला सुरुवात केली आहे. त्यांना आडवा येतो तो स्वामित्वहक्क. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, हा १९९२ पासूनचा नियम. १९६५ मध्ये वारलेल्या लेखकाचं पुस्तक २०२६ च्या आरंभी मोकळं झालं, इथपर्यंत हिशोब सोपा आहे. स्मरणिकेत वीस लेख, वीस लेखक, त्यातले अर्धे ‘एक ग्रामस्थ’. निनावी लेखाला प्रकाशनापासून ६० वर्षं धरता येतात, पण नाव छापलेला गुरुजी कधी वारला हे गावातही कुणाला सांगता येत नाही. म्हणून काही ठिकाणी सध्या मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि जाहिरातींची पानं एवढंच टिपून ठेवतात. जाहिरातींवरून दुकान, मालक आणि गाव जुळतं, आणि त्यावरून लेखकाच्या घरापर्यंत निदान फोन तरी लावता येतो.