बँकॉकचे मॉल: राजवाड्यांच्या जमिनीवर पर्यटकांचा बाजार

सियाम पॅरागॉन, सियाम सेंटर, एमबीके आणि सेंट्रलवर्ल्ड हे बँकॉकमधील चार मोठे मॉल रामा-१ रस्त्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या टापूत उभे आहेत. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बँकॉक-पट्टाया सहलींत ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ म्हणून जी दुपार राखलेली असते, तीही बहुधा याच टापूत किंवा जवळच्या प्रतुनामच्या कपडेबाजारात जाते. एवढी मोठी दुकानदारी एकाच ठिकाणी का एकवटली, याचे उत्तर थाई लोकांच्या खरेदीच्या हौसेपेक्षा तिथल्या जमिनींच्या सातबाऱ्यात अधिक सापडते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बँकॉकचा किरकोळ व्यापार नदीजवळच्या जुन्या शहरात चालत असे. चरोएन क्रुंग रस्त्यावर युरोपीय पेढ्या होत्या, याओवारातमध्ये चिनी व्यापारी आणि पाहुरातमध्ये पंजाबातून आलेले शीख कापडवाले होते. हैनान बेटावरून आलेल्या चिराथिवत कुटुंबाने १९५६ मध्ये ‘सेंट्रल’चे डिपार्टमेंट स्टोअर उघडले, तेही जुन्या शहरातल्याच वांग बुराफा भागात. पूर्वेकडे, म्हणजे आज जेथे मॉल आहेत तेथे, राजघराण्यातील व्यक्तींचे वाडे, बागा आणि कालवे होते; तर दक्षिणेच्या बाजूला १९१७ मध्ये स्थापन झालेल्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठाला राजाकडून मिळालेली विस्तीर्ण जमीन होती. जमिनीचे तुकडे न झाल्यामुळे हा भाग दाट वस्तीपासून वाचला, आणि पुढे मोठ्या बांधकामांना लागणारी सलग जागा शहराच्या मधोमध आयतीच हाती आली.

बदलाला १९६०च्या दशकात सुरुवात झाली. आजच्या सेंट्रलवर्ल्डजवळच्या राचाप्रसोंग चौकात १९६४ मध्ये जपानच्या दाइमारू कंपनीने दुकान उघडले, आणि तिथला सरकता जिना हेच अनेकांच्या लेखी पाहण्यासारखे स्थळ ठरले. विद्यापीठाने आपल्या जमिनीवर सियाम स्क्वेअर ही बुटक्या दुकानांची आणि चित्रपटगृहांची वसाहत उभी राहू दिली. रस्त्याच्या पलीकडे, स्रा पथुम राजवाड्याच्या आवारातील जागेवर १९६६ मध्ये सियाम इंटरकॉन्टिनेंटल हॉटेल सुरू झाले. त्या काळात व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी सैनिक विश्रांतीच्या रजेवर बँकॉकला येत असत, शिवाय जेट विमानांमुळे लांब पल्ल्याचा प्रवास आवाक्यात येऊ लागला होता. परदेशी पाहुण्याला हॉटेलबाहेर पडल्यावर वातानुकूलित जागेत खरेदी करता यावी, ही गरज त्यातून निर्माण झाली. हॉटेलच्याच कंपनीने शेजारी सियाम सेंटर बांधले आणि १९७३ मध्ये ते खुले केले. पुढे ते थाई तरुणांच्या फॅशनचे केंद्र म्हणून नावारूपाला आले असले, तरी त्याचा जन्म हॉटेलच्या सावलीतला आहे.

इथे भाडेपट्ट्याचा मुद्दा येतो. थायलंडच्या दिवाणी कायद्यात स्थावर मालमत्तेचा सर्वसाधारण भाडेपट्टा एका वेळी जास्तीत जास्त ३० वर्षांचा असतो. राजघराण्याची मालमत्ता सांभाळणारी संस्था किंवा विद्यापीठ जमीन विकत नाही, पट्ट्याने देते. त्यामुळे घेणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत पैसा वसूल करावा लागतो. अशा जागेवर रोख गिऱ्हाईक रोज आणून सोडणारा मॉल फायद्याचा ठरतो. सेंट्रलवर्ल्डची जागा पूर्वीच्या फेत्चाबून राजवाड्याची; तेथे १९९० मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटर म्हणून मॉल सुरू झाला आणि २००२ मध्ये तो सेंट्रल समूहाकडे गेला. सियाम इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलही अखेर पाडण्यात आले आणि त्या जागेवर डिसेंबर २००५ मध्ये सियाम पॅरागॉन उघडला. तळघरात मत्स्यालय आणि वर महागड्या मोटारींची दालने असा त्याचा थाट आहे. त्याच्या मागच्या बाजूला स्रा पथुम राजवाडा मात्र अजूनही आहे.

या सगळ्यांत पर्यटकांनी खऱ्या अर्थाने आपलासा केलेला मॉल म्हणजे एमबीके. विद्यापीठाच्या जमिनीवर १९८५ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीला उभारणाऱ्या सिरिचाई बुलाकुन यांनी आपले वडील मा आणि आई बूनक्रोंग यांची नावे एकत्र जोडून ‘माबूनक्रोंग’ असे नाव दिले. बाहेरून मॉल आणि आत हजारो गाळ्यांचा बाजार, अशी त्याची घडण आहे. मोबाइलच्या मजल्यावर विक्रेता कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून पुढे करतो, गिऱ्हाईक तो पुसून आपला आकडा टाकते, आणि भाषेवाचून सौदा पार पडतो. सियाम पॅरागॉनमध्ये अशी घासाघीस कोणी करू धजणार नाही. नकली मालामुळे अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीतही एमबीकेचे नाव झळकले. गर्दीवर त्याचा फारसा परिणाम झाला असे दिसत नाही.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. २ जुलै १९९७ रोजी सरकारने बाथ या थाई चलनाचा दर बाजारावर सोडला. डॉलरला सुमारे २५ बाथ असलेला भाव जानेवारी १९९८ पर्यंत ५०च्या पुढे गेला. थाई मध्यमवर्गाचे कंबरडे मोडले, पण परदेशी माणसासाठी बँकॉक एकाएकी निम्म्या किमतीत आले. १९९९ मध्ये पर्यटकांना मूल्यवर्धित कर परत मिळण्याची सोय झाली. एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बाथची खरेदी करायची, त्याच दिवशी पासपोर्ट दाखवून अर्ज भरून घ्यायचा आणि परतताना विमानतळावर, लागल्यास कस्टम्सचा शिक्का घेऊन, पैसे घ्यायचे, अशी ती पद्धत आहे. त्याच वर्षी ५ डिसेंबरला स्कायट्रेन ही खांबांवरून धावणारी शहरी रेल्वे सुरू झाली. तिच्या दोन मार्गिका सियाम स्थानकात मिळतात आणि स्थानकांतून उंचावरचे पादचारी मार्ग थेट मॉलमध्ये शिरतात. वाहतूककोंडी आणि उकाडा या बँकॉकच्या दोन्ही कटकटी त्यामुळे टळल्या. माझ्या मते मॉलच्या भरभराटीला जाहिरातींपेक्षा या पुलांनी अधिक हातभार लावला.

त्यानंतरच्या मॉलनी पर्यटकाच्या मनाचा ठाव अधिक उघडपणे घेतला. २०११ मध्ये असोक स्थानकाजवळ उघडलेल्या टर्मिनल-२१ मध्ये विमानतळाची मांडणी आहे आणि प्रत्येक मजला टोकियो, लंडन, इस्तंबूल अशा एकेका शहराच्या किंवा प्रदेशाच्या नावाचा आहे. २०१८ मध्ये नदीच्या पश्चिम तीरावर सुरू झालेल्या आयकॉनसियामच्या तळमजल्यावर चक्क पाणी आणि होड्यांसह तरंगता बाजार मांडला आहे. खऱ्या तरंगत्या बाजारांची ही वातानुकूलित प्रतिकृती गर्दी खेचते आहे. हा मॉल सियामच्या टापूबाहेरचा असल्याने तेथवर जाणारी छोटी गोल्ड लाइन रेल्वे २०२० मध्ये सुरू झाली, आणि तिच्या खर्चाचा मोठा वाटा मॉलनेच उचलला.

पर्यटकांवर विसंबण्याची जोखीमही याच टापूने पाहिली आहे. २०१० मध्ये लाल शर्टवाल्या सरकारविरोधी आंदोलकांनी राचाप्रसोंग चौक अनेक आठवडे व्यापला होता. १९ मे रोजी लष्करी कारवाईनंतर सेंट्रलवर्ल्डला आग लागली आणि त्यातील झेन दुकानाचा भाग कोसळला. २०१९ मध्ये थायलंडमध्ये जवळपास ४ कोटी परदेशी पर्यटक आले होते. कोरोनात ते थांबल्यावर सर्वाधिक हाल एमबीकेचे झाले, आणि तिथले तोक्यू हे पहिल्यापासूनचे जपानी दुकान जानेवारी २०२१ मध्ये बंद पडले. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी मिळाली; २०२४ मध्ये २० लाखांहून अधिक भारतीय तिथे गेले.

जमिनीची जुनी गोष्ट मात्र अजून चालूच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लुंपिनी उद्यानाजवळ सुरू झालेले वन बँकॉक हे प्रचंड संकुल राजघराण्याच्या मालमत्तेतील जागेवरच, भाडेपट्ट्याने उभे राहिले आहे.