शहरातील गोळीबारबंदी (ठाणे व नवी मुंबई)

ठाणे आणि नवी मुंबईच्या नागरी हद्दीत बंदूक, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर झाडण्यावर असलेली कायदेशीर बंधने. या नावाचा स्वतंत्र कायदा नाही आणि विषय महापालिकेच्या अखत्यारीतही येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९, शस्त्र नियम २०१६ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ यांतून ही बंधने येतात. परवाना देणे आणि काढून घेणे पोलीस आयुक्तांच्या हाती असते. ठाणे आयुक्तालय १९८१ मध्ये स्थापन झाले. भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूर त्यातच येतात. नवी मुंबईचे आयुक्तालय १९९४ चे असून त्याची हद्द पनवेल-उरणपर्यंत जाते.

परवाना मिळाला म्हणजे बार काढायची मोकळीक मिळाली, असे अनेकांना वाटते आणि अनर्थ तिथूनच सुरू होतो. परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो. ते सार्वजनिक जागी न्यायचे तर झाकलेले आणि पूर्ण ताब्यात हवे. लग्नात, मिरवणुकीत, जत्रेत ते नाचवणे किंवा त्यातून गोळी झाडणे नियमानेच मना आहे. शस्त्र अधिनियमाच्या डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरातील गोळीबार हा वेगळा गुन्हा ठरवला. इतरांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणी जखमी होण्याची वाट कायदा पाहत नाही, आणि हे योग्यच आहे. हळदीच्या मांडवातून ‘हवेत’ झाडलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. ती तिरकी गेली तर बराच वेग टिकवून जाते, आणि घोडबंदर रोडला किंवा खारघरला समोर मोकळे आभाळ नसते. विसाव्या मजल्यावरची गॅलरी असते.

याशिवाय पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, मोर्चांच्या काळात मनाई आदेश निघतात. लाठ्या, तलवारी, भाले, बंदुका घेऊन फिरण्यास बंदी, हे शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्याला पाठ असतात. शासनाच्या मंजुरीशिवाय असा आदेश पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून तो पुन्हापुन्हा काढला जातो. निवडणुकीत परवानाधारकांची छाननी होऊन अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चे बंधन फारसे कोणाला ठाऊक नसते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. एका बाजूला येऊरचे जंगल आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य. ठाणे शहराचा बहुतेक भाग या वर्तुळात बसतो. पनवेलकरांना कर्नाळा पक्षी अभयारण्यही जवळच आहे.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत शाबूत आहे, पण धोका खरा आणि समोर असावा लागतो, आणि प्रतिकारही गरजेपुरताच. नेमबाजीचा सराव मान्यताप्राप्त रेंजवरच होतो. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. तरी बेफिकिरीने झाडून कोणाचा डोळा गेला तर गुन्हा होतोच.

२ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यातच गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या प्रकरणी तेव्हाच्या एका आमदाराला अटक झाली. उरण-पनवेल पट्ट्यातल्या जुन्या माणसांना मात्र ‘गोळीबार’ म्हटले की १६ आणि १७ जानेवारी १९८४ आठवतो. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या शेतकऱ्यांवर जासई-दास्तान फाटा आणि नवघर परिसरात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात पाच जण हुतात्मा झाले.