इंग्लंडचे कालवे वाचवले कोणी? कम्युनिटी बोटींची पार्श्वभूमी

आपल्याकडे कालवा म्हटलं की पाटकरी, पाण्याची पाळी आणि त्यावरून होणारी भांडणं. पुण्याचा मुठा कालवा भर शहरातून जातो, पण त्यात बोट घालावी असं कोणाच्या डोक्यातही येत नाही. इंग्लंडमधे उलटं आहे, तिथले कालवे खणलेच बोटींसाठी, आणि आज त्यातून एकटी पडलेली म्हातारी माणसं, व्हीलचेअरवरचे लोक, शाळेची पोरं अशा सगळ्यांना फिरवून आणतात, जीवाला जरा बरं वाटावं आणि चार पक्षी-झाडं दिसावीत म्हणून. याच त्या कम्युनिटी बोटी.

सुरुवात मात्र कोळशाने झाली. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या वर्स्लीला खाणी होत्या, तिथला कोळसा मँचेस्टरला न्यायला जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरच्या मदतीने कालवा खणला, तो 1761 ला सुरू झाला आणि मँचेस्टरमधे कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. काठावरून चालणारा एक घोडा 25-30 टन माल आरामात ओढायचा. ब्रिंडलीने पुढच्या कालव्यांची लॉक्स (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजेबंद हौद) जेमतेम 7 फूट रुंद ठेवली, म्हणून बोटीही तशाच चिंचोळ्या, त्याच या नॅरोबोटी. नंतर रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर घसरले, मग नावाड्यांनी बायकापोरांनाच कामाला जुंपलं आणि अख्खं कुटुंब मागच्या 10 फुटी केबिनमधे राहायला लागलं. आज ज्याला वेलबीइंग, म्हणजे तनामनाचं स्वास्थ्य, म्हणतात ते त्या बिचाऱ्यांच्या वाट्याला किती आलं असेल देव जाणे.

1948 ला कालवे सरकारी झाले. 1962-63 च्या हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठलं, बोटी जागच्या जागी अडकल्या आणि उरलासुरला मालाचा धंदाही बसला. कालवे बुजवून टाका म्हणणारेही होतेच.

पण 1946 मधेच टॉम रोल्ट, रॉबर्ट एकमन वगैरे लेखक मंडळींनी कालवे वाचवायला इनलँड वॉटरवेज असोसिएशन काढली होती. (पुढे दोघांचं जोरदार बिनसलं, संस्था म्हटली की हे आलंच.) स्ट्रॅटफर्ड कालव्याचा गाळाने भरलेला दक्षिणेकडचा भाग हौशी लोकांनी, सैनिकांनी आणि चक्क तुरुंगातल्या कैद्यांनी मिळून उपसला, 1964 ला राजमातेच्या हस्ते तो पुन्हा सुरू झाला. 1968 च्या कायद्याने तर फिरायच्या बोटींसाठीचे कालवे असा वेगळा वर्गच केला.

मला सगळ्यात आवडते ती कॅमडनची गोष्ट. लंडनच्या रीजंट्स कालव्याकाठी राहणाऱ्या लॉर्ड सेंट डेव्हिड्स यांनी 1966 मधे आसपासच्या पोरांसाठी पायरेट क्लब काढला, मुख्यालय म्हणजे एक जुनी बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट! 1977 ला तिथेच किल्ल्यासारखी इमारत उभी राहिली, द पायरेट कॅसल, आणि तिथे आजही पोरं वल्ही मारतात. तेव्हा मानसिक आरोग्य वगैरे शब्द कोणी वापरत नव्हतं, पोरांना पाण्यावर काहीतरी करायला मिळावं एवढंच.

वेलबीइंग हा शब्द ठळक झाला तो खूप नंतर. 2012 ला इंग्लंड-वेल्समधले 2,000 मैलांचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे गेले आणि मग पाण्याकाठी माणसाला बरं वाटतं ही त्यांची मुख्य ओळखच झाली. बोटीला ताशी 4 मैलांची मर्यादा, काठावर चालणारा माणूससुद्धा जवळपास बरोबरीने येतो. आता 2027 पासून सरकारी अनुदान हळूहळू कमी होणार आहे, आणि लॉकचे ते अवजड ओकचे दरवाजे तर साधारण 25 वर्षांनी बदलावेच लागतात.