नोकरी गेल्यावर ‘पाच पायऱ्या’ चढाव्याच लागतात?

नोकरी गेली की आधी नकार, मग राग, मग घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. या पाच पायऱ्या ओलांडल्याशिवाय माणूस सावरत नाही, असं व्हॉट्सॲपवर कायम फिरत असतं. मुळात या पायऱ्या नोकरीच्या नाहीतच. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. सगळ्यांचा क्रम सारखा नसतो, हे पुढे त्यांनीच सांगितलं.

त्यामुळे ‘मला अजून राग कसा आला नाही?’ म्हणून स्वतःला तपासत बसू नका. कुणाला पहिल्या आठवड्यात चक्क हायसं वाटतं आणि तीन महिन्यांनी ईएमआयचा मेसेज आला की रडू फुटतं. चालायचंच.

बेकारीचा खरा अभ्यास वेगळंच सांगतो. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावची कापडगिरणी बंद पडल्यावर समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकारी १९३१-३२च्या सुमारास तिथे गेले. लोकांकडे वेळच वेळ, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलेलं. पुरुष रस्त्यानं चालतानाही थांबत थांबत जायचे. (बायकांना घरकामातून उसंत नव्हती, ते सांगायला नकोच!) पगाराबरोबर दिवसाची घडीही मोडली होती.

म्हणून पायऱ्या मोजण्यापेक्षा ठरल्या वेळी आंघोळ उरकून घराबाहेर पडणं मला जास्त कामाचं वाटतं, मग ते कोथिंबीर आणायला का असेना. झोप-भूक आठवडेच्या आठवडे उडाली, तर मात्र डॉक्टर गाठा; टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.