'स्वमग्न' शब्दाआड राहिलेलं डिप्रेशन

ऑटिझम म्हणजे मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण, ज्यामुळे लोकांशी बोलण्या-मिसळण्याची आणि जग अनुभवण्याची पद्धत वेगळी असते. पण मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक माणसांचं डिप्रेशन इतकी वर्षं दिसलंच नाही, याचं एक मूळ मला आपल्या 'स्वमग्न' या शब्दातच सापडतं. 1911 च्या सुमारास एका स्विस मनोविकारतज्ज्ञाने 'ऑटिझम' शब्द काढला तो स्किझोफ्रेनियासाठी, पेशंट जगाकडे पाठ फिरवून स्वतःतच जातो म्हणून. 1943 मध्ये अमेरिकेत तोच शब्द लहान मुलांना लागला. अर्थ बदलला, शब्द तोच राहिला. मराठीत 'स्वमग्न' झालं आणि आणखी एक छटा चिकटली, कारण आपल्याकडे मग्न म्हणजे रमलेला, भजनात मग्न, कामात मग्न, आणि जो रमलाय तो उदास कशाला असेल?

आमच्या चाळीत माझ्या ऑटिस्टिक दादाबद्दल हेच म्हणायचे, "त्याला कसलं टेन्शन, तो त्याच्याच दुनियेत." दादा लोकलचं टाइमटेबल वहीत उतरवायचा, फास्ट लाल पेनाने, स्लो निळ्या. एका वर्षी नवीन टाइमटेबल आलं आणि त्याने वही उघडलीच नाही. रडला नाही, काही बोलला नाही, फक्त सकाळी प्लॅटफॉर्मवर तीन-तीन गाड्या सोडायला लागला आणि संध्याकाळी घरी दिवा न लावता बसायचा. ओपीडीत विचारलं, "उदास वाटतं का?" तो म्हणाला "माहीत नाही", आणि कागदावर 'नाही'वर टिक झाली. आपल्याला काय वाटतंय हे शब्दात पकडता न येणं बऱ्याच ऑटिस्टिक लोकांमध्ये असतं, त्याला अलेक्सिथायमिया म्हणतात, हा शब्दही 1970 च्या दशकापासून आहे. तरी तपासायची पद्धत तीच, तोंडी प्रश्न आणि टिक.

कायद्याचं थोडक्यात. 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हताच, 1999 च्या कायद्यात आला, पण तिथे मुख्य काळजी पालकत्वाची, आईवडिलांनंतर काय ही. 2016 च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत ऑटिझम एक नोंद, मानसिक आजार दुसरी, आणि दोन्ही एकाच माणसात असतात हे टेबलापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याला आपणच सांगायचं.

गेल्या दहाएक वर्षांत परदेशी संशोधनातून कळलं की ऑटिस्टिक लोकांना आयुष्यात कधीतरी डिप्रेशन येण्याचं प्रमाण इतरांच्या साधारण चौपट आहे, आणि दिवसभर 'नॉर्मल' दिसायची धडपड, म्हणजे मास्किंग, त्याच्याशी जोडलेली दिसते. दादाच्या आत्ताच्या डॉक्टर मूड कसा आहे असं विचारतच नाहीत, आधी विचारतात, "वही कुठवर आली?"