नायकाला नाव कोणी द्यायचं? खेळांवरून आलेल्या फॅन्टसी कादंबऱ्यांची पार्श्वभूमी

एखाद्या गाजलेल्या रोल-प्लेइंग गेमवरून फॅन्टसी कादंबरी येणार अशी घोषणा झाली, की तासाभरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ही ‘कॅनन’, म्हणजे त्या खेळाच्या जगातली अधिकृत कथा, आहे का? आणि नायक कोण? कोणी लिहिलंय, कशी लिहिलीय, ही चौकशी मागाहून. वाचक इतके सावध का झाले, हे कळायला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत डोकावावं लागतं. त्यातही ‘बाल्डर्स गेट’ या खेळावरच्या एका त्रयीत, जिचं नाव काढलं की जुने खेळाडू आजही दातओठ खातात.

त्याआधीचा काळ थोडक्यात. मजकुरावर चालणाऱ्या ‘झॉर्क’वरून १९८३ पासून मुलांसाठी पुस्तकं निघाली. पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते त्यांत वाचकच ठरवत असे, त्यामुळे नायकाचा प्रश्नच उद्भवला नाही. १९८८ मध्ये ‘पूल ऑफ रेडियन्स’ हा संगणकावरचा खेळ आला आणि पुढच्याच वर्षी त्याच नावाची कादंबरी. त्याच सुमारास उलटा प्रवासही झाला होता. ‘अ‍ॅझ्युअर बाँड्स’ ही कादंबरी १९८८ ची, तिच्यावरचा खेळ १९८९ चा. कादंबरीत एका तलवारबाज तरुणीला जाग येते तेव्हा तिच्या हातावर निळं गोंदण असतं. ते कोणी केलं, कधी केलं, तिला काही आठवत नाही. खेळात तीच जाग आणि तेच गोंदण खेळाडूच्या अख्ख्या टोळीच्या वाट्याला येतं, आणि मूळ नायिका पुढे वाटेत भेटते. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. खेळाडूला जागा करून दिली, पण नायिकेला घराबाहेर काढलं नाही. पुढच्या अनेकांना हे जमलं नाही.

१९९० ची शाळकरी वाचकांसाठीची मालिका केवळ गंमत म्हणून सांगण्यासारखी. घरच्या टीव्हीवर खेळायच्या कार्ट्रिज-गेमवरून ही छोटी पुस्तकं बेतली होती. प्रकरण संपलं की खेळात उपयोगी पडेल अशी एखादी युक्ती दिलेली असे, आणि मारामारी शक्य तितकी सौम्य केलेली. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर खेळाचंच चित्र घेतलं, पण त्यातलं पिस्तूल पुसून टाकलं. हे साहित्य म्हणून कोणी वाचलं नाही, पण ‘गेमवरची पुस्तकं म्हणजे पोरखेळ’ हा शिक्का बसायला मदत झाली.

जपानमध्ये गोष्ट वेगळी होती. ‘विझर्ड्री’ हा मूळचा अमेरिकन खेळ तिथे इतका रुजला, की १९८८ मध्ये त्यावरची एक कादंबरी आली आणि तिच्याबद्दल तिथले वाचक अजूनही आपुलकीने बोलतात. या खेळात मेलेल्या सोबत्याला मंदिरात नेऊन जिवंत करता येतं, पण मंत्र फसला तर त्याची राख होते, आणि पुन्हा फसला तर तो कायमचा गेला. खेळणाऱ्याला ही फक्त नुकसानीची शक्यता वाटते. त्या कादंबरीने खेळाचा हा नियम पात्रांच्या मनातली रोजची भीती करून टाकला. खेळातून कादंबरी काढताना नक्की काय उचलायचं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं चटकन आठवत नाही.

आता ती त्रयी. ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ १९९८ च्या डिसेंबरात आला. खेळाची पहिली दहा-पंधरा मिनिटं नायक घडवण्यातच जातात: स्त्री की पुरुष, मानव की एल्फ (टोकदार कानांची, दीर्घायुषी जमात) की बुटका, योद्धा की चोर की जादूगार, चेहरा कोणता, नाव काय. कथेने ठरवून दिलेली गोष्ट एकच, की हे मूल एका किल्लेवजा ग्रंथालयात पालक-पित्याने वाढवलेलं आहे. बाकी सगळं तुमचं. पुढचे शेकडो तास लोकांनी ‘आपल्या’ माणसाबरोबर, किंवा बाईबरोबर, काढले.

१९९९ मध्ये कादंबरी आली आणि तिने सांगितलं: नायकाचं नाव अब्देल एड्रियन, तो पुरुष, मानव, धिप्पाड भाडोत्री लढवय्या. बरोबरच्या सोबत्यांपैकी जहीरा, जी खेळात नवऱ्यासोबत टोळीत येते, ती इथे त्याची प्रेयसी झाली. दुसरा भाग २००० मध्ये आला, तिसरा २००१ मध्ये. तिसऱ्याचा लेखक वेगळा होता, खेळाच्या लेखनचमूतला, आणि ते पुस्तक त्यातल्या त्यात बरं, असं वाचकांचं सर्वसाधारण मत. पहिल्या दोन भागांची मात्र अजूनही खिल्ली उडवली जाते.

तक्रारींत दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते, ती सोडवून पाहायला हवी. एक तक्रार लिखाणाची: लढाईमागून लढाई, रक्तामांसाची वर्णनं, आणि खेळात विनोदी, चटका लावणारे वाटणारे सोबती कागदावर नुसते नावापुरते. ही तक्रार रास्त आहे. दुसरी तक्रार निवडीची: नायक असा का? इथे लेखकाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. कादंबरीत कोणीतरी एक असावाच लागतो. ‘तो किंवा ती, मानव किंवा एल्फ’ असं तीनशे पानं लिहिता येत नाही. अशी कामं बहुधा ठेक्याने होतात. हक्क लेखकाचे नसतात, मुदत आखूड असते, खेळ अजून बनत असतानाच पानं भरायची असतात, आणि हस्तलिखित हक्क असलेल्या कंपनीच्या टेबलावरून जातं. तरीही मी वाचकांच्या बाजूचा आहे. निवड करावी लागली, याबद्दल लोकांना राग नव्हता. अनेक पर्यायांतला सर्वांत गुळगुळीत पर्याय निवडून त्यालाच ‘खरं’ म्हटलं गेलं, हे खुपलं.

कारण प्रकरण पुस्तकापाशी थांबलं नाही. ज्या जगात हा खेळ घडतो ते जग ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाचं, आणि त्या जगात कादंबऱ्यांतल्या घटना अधिकृत इतिहास मानायची प्रथा होती. त्यामुळे लाखो खेळाडूंनी लाखो नायक घडवले, आणि इतिहासात नोंद झाली अब्देलची. २०१३ मध्ये टेबलावर खेळण्यासाठी त्या शहरावरचं एक नवं साहस प्रकाशित झालं. त्यात अब्देल शहराचा वयोवृद्ध ड्यूक आहे. भर चौकात जमावासमोर त्याचाच एक भाऊ त्याच्यावर हल्ला करतो, दोघा भावंडांत झुंज लागते आणि हरलेला मरतो. जिंकलेल्याचा राक्षस होतो, म्हणजे अब्देल वाचला तरी वाचला असं नाहीच. सुरुवातीच्याच प्रसंगात! ज्यांनी ते पुस्तक कधी मानलंच नव्हतं, त्यांनाही हा वार लागला. पुस्तक नाकारता येत होतं, पण आता पुस्तकाच्या नावाखाली आपलाच नायक मारला गेला होता. काहींना उलट हायसं वाटलं, की बरं झालं, गेला एकदाचा. दोन्ही प्रतिक्रिया त्या एका नावावरच्याच.

२०२१ मध्ये टेबलावरच्या त्या खेळाच्या प्रकाशकांनी जाहीर केलं, की त्याच्या पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकांत, म्हणजे २०१४ पासूनच्या साहित्यात, जे नाही ते त्या खेळापुरतं अधिकृत नाही. जुन्या कादंबऱ्या, व्हिडिओ गेम, सगळं त्यात आलं. हा निर्णय अनेकांनी उदार म्हणून वाखाणला. मला तो काहीसा पळपुटा वाटतो. बावीस वर्षं एक नाव लोकांच्या माथी मारायचं आणि मग म्हणायचं, की तसं बंधन कधी नव्हतंच. ज्या वाचकांनी इतर चांगल्या कादंबऱ्यांत मन गुंतवलं होतं, त्यांच्या पायाखालची जमीनही त्याच फटक्यात सरकली.

ज्यांनी खेळाडूच्या जागेला हात लावला नाही, त्यांचं बरं चाललं. १९९३ च्या ‘मिस्ट’ या खेळात तुम्ही एका निर्जन बेटावर उतरता आणि दोन भाऊ पुस्तकांच्या पानांत कोंडलेले सापडतात. १९९५ पासून आलेल्या तीन कादंबऱ्यांनी बेटावर येणाऱ्या त्या अनामिकाला स्पर्शच केला नाही, त्या भावांच्या बापाचं बालपण आणि बापाच्या आजीची गोष्ट सांगितली. खेळ न खेळलेल्यांनीही ती वाचली. ‘ड्रॅगन एज’ची पहिली कादंबरी २००९ मध्ये खेळाच्याही काही महिने आधी आली, खेळाच्याच प्रमुख लेखकाने लिहिलेली, आणि तीही आदल्या पिढीतल्या राजाबद्दल. पूर्वकथा सांगणं ही पळवाट आहे असं कोणी म्हणेल, पण चालणारी पळवाट आहे.

‘क्रॉन्डर’चं उदाहरण वेगळंच. एका प्रसिद्ध फॅन्टसी लेखकाच्या जगावर १९९३ मध्ये दुसऱ्यांनी खेळ लिहिला, तो प्रकरणांत विभागलेला, कादंबरीसारखा, आणि खेळाडूंना अतिशय आवडला. १९९८ मध्ये मूळ लेखकाने स्वतःच त्यावर कादंबरी लिहिली. जग त्याचं, लेखणी त्याची, कथा गाजलेली. तरी त्याच्या वाचकांत हे पुस्तक दुबळं समजलं जातं. इथून तिथे जा, याला भेट, पेटी उघड, परत ये: खेळात स्वतः करताना ज्याची गोडी लागते, ते दुसऱ्याने केलेलं वाचताना हजेरीपट वाचल्यासारखं होतं.

‘वॉरक्राफ्ट’ने मात्र कादंबऱ्यांचा वापर धंदेवाईक हुशारीने केला. १९९८ मध्ये या मालिकेतला एक साहस-खेळ जवळपास तयार असताना रद्द झाला. माणसांनी गुलाम म्हणून वाढवलेल्या एका ऑर्कची (हिरव्या कातडीच्या लढाऊ जमातीतल्याची) ती कथा २००१ मध्ये कादंबरी होऊन आली, आणि २००२ च्या खेळात तोच ऑर्क टोळीप्रमुख म्हणून उभा राहिला. खेळाने टाकून दिलेली कथा पुस्तकाने जगवली. २००९ ची, याच मालिकेतल्या आर्थस या वाट चुकलेल्या राजपुत्रावरची कादंबरी अमेरिकेतल्या बेस्टसेलर यादीत गेली, तेव्हा या पुस्तकांना हसणारे काही काळ गप्प झाले.

मग नवी तक्रार सुरू झाली. २०१० च्या शरद ऋतूत आलेल्या कादंबरीत टॉरेन या बैलमुखी जमातीचा म्हातारा सरदार केर्न द्वंद्वात मारला जातो. प्रतिस्पर्ध्याच्या कुऱ्हाडीला तिसऱ्याच कोणीतरी विष लावलेलं असतं. डिसेंबरात खेळाची नवी आवृत्ती आली आणि ज्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं त्यांना केर्नच्या जागी त्याचा मुलगा दिसला. वर्षानुवर्षं ज्याच्याकडून कामगिऱ्या घेतल्या, तो म्हातारा परस्पर, पडद्याआड गेला होता. २०१४ मध्ये पुन्हा तेच: एका मोठ्या खलनायकाचा खटला आणि पलायन पुस्तकात, त्याचे परिणाम खेळात. म्हणजे ज्या वाचकांना आधी ‘पुस्तकाने आमच्या खेळात ढवळाढवळ करू नये’ असं वाटायचं, तेच आता ‘खेळ समजायला पुस्तक विकत का घ्यावं लागतं’ म्हणू लागले. दोन्ही म्हणणी एकाच तोंडून ऐकली आहेत, आणि त्यात मला विसंगती दिसत नाही. महत्त्वाचा प्रसंग आपल्यासमोर घडावा, एवढीच मागणी आहे.

फॅन्टसी नव्हे, पण सोडून चालणार नाही अशी एक विज्ञानकथा २०१२ ची. ‘मास इफेक्ट’वरच्या चौथ्या कादंबरीत पात्रांची वयं, स्वभाव, तंत्रज्ञान यांत इतक्या चुका निघाल्या, की वाचकांनी त्यांची लांबलचक यादी तयार केली आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त्या करू असं प्रकाशकांना सांगावं लागलं. तेव्हापासून खेळाच्या लेखनचमूतलाच माणूस कादंबरीला हवा, असा वाचकांचा आग्रह वाढला. त्याने तपशील सुधारतात हे खरं. गद्य सुधारतंच असं नाही. संवाद छान, आणि वर्णन म्हणजे स्टेज-सूचना, असंही पुष्कळदा होतं.

याच दशकात रशियन, कोरियन आणि जपानी लेखकांकडून दुसरीच लाट आली: कोणत्याही प्रत्यक्ष खेळावर न बेतलेल्या, पण पानोपानी पात्राची पातळी, ताकद आणि गुण आकड्यांत छापणाऱ्या कादंबऱ्या. ‘फाशांचा आवाज ऐकू येतो’, म्हणजे कथेतून खेळाचे नियम डोकावतात, म्हणून ज्या वाचकवर्गाने जुन्या पुस्तकांना नाक मुरडलं, त्यातलेच पुष्कळ जण हे आकडे चवीने वाचतात. नायकाची जागा इथे कोणाकडून हिसकावलेली नाही, हे त्याचं एक कारण असावं.

नावाचा प्रश्न शेवटी न्यायालयातही गेला. ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ या १९९२ च्या खेळात नायकाला नाव खेळाडू देतो. नव्वदच्या दशकात आलेल्या कादंबरीत लेखिकेने त्याला एक भारदस्त राजघराण्याचं नाव दिलं आणि लाडाचं नाव ठेवलं र्‍युका. ते वाचकांच्या तोंडी बसलं. २०१९ च्या अ‍ॅनिमेशनपटात नायकाचं नाव र्‍युका होतं. आपल्याला न विचारता ते वापरलं म्हणून लेखिकेने त्याच वर्षी दावा लावला. २०२३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. पात्राचं नाव हे स्वतंत्र साहित्यकृती नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. जुन्या वाचकांत यावरून अजून दोन तट आहेत. एक गट म्हणतो, तिने दिलेलं नाव होतं, निदान विचारायला हवं होतं. दुसरा म्हणतो, माझ्या खेळात त्याचं नाव र्‍युका नव्हतंच.