पणजीचं माहेर

२०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. तहसिलीच्या कपाटांतून कोतवालबुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची, जीर्ण पानं बाहेर निघाली. त्यात जन्मलेल्याचं नाव अनेकदा नसतंच. बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे नुसतं ‘मुलगी’. बारसं व्हायच्या आत नोंद झालेली, मग नाव कुठून असणार? माझी पणजी, म्हणजे आजोबांची आई, अशीच कुठल्यातरी गावची ‘मुलगी’ असणार. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या घरचे पुरुष ओळीने सापडतात. तिचं माहेर तिथेही नाही.

‘डीएनए टेस्ट कर, सगळं कळेल,’ असा सल्ला मिळाला. सगळं कळत नाही.

मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे कण. त्यांचा १६,५६९ अक्षरांचा डीएनए फक्त आईकडून येतो. पणजीचा तो आजोबांना मिळाला आणि तिथेच थांबला. माझ्यात आहे तो माझ्या आईच्या आईचा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, त्यात पणजीचा संबंधच नाही. (‘गोत्र म्हणजेच वाय गुणसूत्र’ असं सांगणारे फॉरवर्ड येतात. दत्तक गेलेल्याचं गोत्र बदलतं, गुणसूत्र कसं बदलेल?)

राहिल्या गुणसूत्रांच्या बाकीच्या २२ जोड्या, आणि खरी मजा इथेच आहे. शुक्राणू किंवा बीजांड तयार होताना आपल्या आईकडची आणि वडिलांकडची गुणसूत्रं एकमेकांशी तुकडे बदलतात. दर पिढीला सरासरी तीस-पस्तीस काप. म्हणजे मागे जावं तसे पूर्वज दुपटीने वाढतात, तुकडे मात्र नुसत्या बेरजेने, आई-वडील दोन्हींकडचे मिळून पिढीमागे साठ-सत्तर. दहा पिढ्या मागे पूर्वज १,०२४ आणि तुकडे जेमतेम ६४०. (मामाच्या मुलीशी लग्नं झालेल्या घरात पूर्वजही कमी भरतील, ते सोडा.) त्यातही काहींच्या वाट्याला दोन-तीन तुकडे येतात, म्हणून जवळपास निम्म्या पूर्वजांचं एक अक्षरही आपल्यात नसतं. वंशावळीत आहेत, रक्तात नाहीत! तेव्हा थुंकीच्या नळीतून थेट शिवकालातला सरदार काढून देणाऱ्या जाहिरातींना किती भुलायचं ते ठरवा.

पणजी त्या मानाने जवळची, तिचा साधारण आठवा हिस्सा माझ्यात आहे. पण त्यावर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. माहेरच्या कुणाचा नमुना जुळला तरच धागा लागणार.

तिचा मायटोकाँड्रिया आज आहे तो आजोबांच्या बहिणीच्या लेकीच्या लेकीकडे. तिला फोन केला. नमुना द्यायला ती काही तयार झाली नाही, पण तिच्या आजीच्या लग्नातल्या आहेराच्या यादीचा फोटो पाठवला. ‘मुलीचे मामा’ असं लिहून पुढे लुगडं, खण आणि पाच रुपये. गावाच्या नावावर हळदीचा डाग आहे. शेवटचं अक्षर ‘ळे’ असावं.